मुद्देमाल

खळ शिजवताना मोरचूद शेवटी घालायचा,
चिमूटभर. नाहीतर कसर परत येते.
तेवीस वर्षं मी हेच करते आहे
कौन्सिल हॉलच्या मागे, दफ्तरखान्यात,
ऊन टेबलापर्यंत येतं न येतं अशा खोलीत:
फाटलेलं राज्य चिकटवते.

राज्य म्हणजे कागदच की हो.
खडकीच्या गुलाब तांबोळी आल्या,
पिशवीतून नवऱ्याचं येरवड्याचं पत्र काढलं, शहात्तर सालचं.
बारा ओळी. त्यातल्या नऊवर काळी शाई.
"खालचं दिसेल का तुमच्या दिव्यात?"
दिसलं.
लोणचं पाठवू नकोस, इथं बरणी फोडून बघतात.
"एवढ्यासाठी काळं केलं?" म्हणून त्या हसल्या,
आणि मग फॉर्मवर सही करायला
त्यांना बराच वेळ लागला.

एकसष्टच्या पुरात भिजलेल्या मतदारयाद्या
अजून एकमेकींना सोडत नाहीत.
वाफ द्यायची, बोथट पातं सरकवायचं,
नारायण पेठ शनवारापासून हळू सुटी करायची.
एका नकाशावर पेन्सिलीची हद्द तीनदा खोडलेली,
निपाणीच्या वर, निपाणीच्या खाली.
दिसत नाही; बोट फिरवलं की लागते.
तिकडं माझी धाकटी मावशी असते.
फोनवर विचारते, "काय गं, लावली का रेघ नीट?"

मार्चात एक पोलिसी बाड आलं, छप्पनचं,
कोपरा उंदरानं खाल्लेला.
मुद्देमाल, पंचांसमक्ष:
पत्र्याचा कर्णा एक, चेपलेला.
चपला सत्तावीस, जोड जुळत नाहीत.
भित्तिपत्रके ओली, अंदाजे शंभर.
पितळी पातेले एक, खळीसह. कोमट.

कोमट.
कुठल्या हवालदारानं बोट घालून पाहिलं असेल?

इसम: वय अंदाजे वीस, नाव सांगत नाही.
पातेल्यावर कोरलेले नाव:
चि. सौ. कां. मथुरा हिस, शेवंतामावशीकडून.

मी चष्मा पुसला. परत वाचलं.
उठून पंखा बंद केला, कागद उडत नव्हता तरी.

आईनं त्या पातेल्याचं दुःख मरेपर्यंत केलं.
"पितळ होतं. कल्हई नवी होती."
राज्य झालं त्या रात्री मंडईत रोषणाई होती,
बाबा पहाटे गुलालानं माखून घरी आले;
ती शेजारणीच्या भांड्यात भात शिजवत होती.
पुढे दोन प्राध्यापक आले, टेपरेकॉर्डर घेऊन.
बाबांनी तीन कॅसेटी भरल्या.
जाता जाता तिला विचारलं, तर म्हणाली,
"मी कशाला? मी नुसती खळ शिजवली.
रेशनची कणीक, पाणी, एक उकळी.
गुठळ्या होऊ द्यायच्या नाहीत, बस."

बाबांना दाखला कधी मिळाला नाही.
नावच सांगितलं नव्हतं, तर कुठून मिळणार?
सरकारच्या सगळ्या कागदांत
गंज पेठेतल्या आमच्या खोलीचं एकच नाव आहे,
तेही भांड्यावरचं,
तेही मोर्चाला कधी न गेलेल्या बाईचं.

त्या ओळीखाली चीर गेली होती.
तिथं पातळ कागद लावला, खळ बोटानं पसरली,
वरून वजन ठेवलं.
मग साहेबांच्या केबिनमध्ये गेले.
म्हटलं, जप्त झालेलं भांडं परत मागता येतं का?
सत्तर वर्षं होत आली, म्हणाले, कसलं भांडं?
बरं, अर्ज करा. पावती आहे का?

आहे, म्हटलं.
तुमच्याच कपाटात. लाल रुमाल, खालून तिसरा.
अजून ओली आहे,
उद्यापर्यंत हात लावू नका.